बाबांना कुष्ठरोग आहे, आता हेपॅटायटीस बी पण निघाला, मग गोळ्या बंद करायच्या का?

प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय. नागपूरच्या एका मुलाने विचारलंय. बाबा ५२ वर्षांचे, एमबी (जास्त जंतूंच्या) प्रकारचा कुष्ठरोग, एमडीटीचं (रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन या तीन औषधांच्या उपचाराचं) चौथं पाकीट चालू आहे. दहा दिवसांपूर्वी कोपराजवळची नस सुजली, करंगळी वाकायला लागली, डॉक्टर म्हणाले रिॲक्शन (कुष्ठरोगात अचानक येणारी सूज) आहे आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम सुरू केलं. तेवढ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रक्त तपासलं तर एचबीएसएजी (हेपॅटायटीस बीची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह. शेजारचे म्हणतात, काहून त्या गरम गोळ्या खाऊन राहिले, लिव्हर गेलं ना, बंद करा सगळं. आईने ताट-वाटी वेगळी केली. वहिनीला सातवा महिना आहे, ती घाबरून माहेरी निघालीये. डोळ्यांच्या डॉक्टरने ऑपरेशन पुढे ढकललं. आता काय करायचं.

मी त्वचारोगाचा डॉक्टर आहे, कुष्ठरोगाच्या ओपीडीत २५ वर्षांवर काळ गेला, त्यातला बहुतेक नागपुरात. तर पहिलं सांगतो, आज काहीही बंद करू नका. एमडीटी नाही आणि प्रेडनिसोलोन तर मुळीच नाही, स्वतःच्या मनाने तर नाहीच नाही. उद्या सकाळी बाबांना आणि तो रिपोर्ट घेऊन ज्यांनी स्टेरॉइड लिहिलं त्याच डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा, बाबा एचबीएसएजी पॉझिटिव्ह आहेत, ४० मिलिग्रॅमवर आहेत, हेपॅटायटीस बीची गोळी कधी सुरू करायची. तुम्ही ताटाचं विचारलं, माहेरचं विचारलं, ऑपरेशनचं विचारलं, पण हे नाही विचारलं, आणि खरी काळजीची जागा हीच आहे.

का ते समजून घ्या. हेपॅटायटीस बीचा व्हायरस लिव्हरच्या पेशीत गुपचूप बसून राहतो, कित्येक वर्षं, माणसाला काही जाणवतही नाही, कारण आपली प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. स्टेरॉइड दिलं की ती प्रतिकारशक्ती सैल पडते, आणि एवढंच नाही, या व्हायरसच्या जनुकात अशी एक जागा आहे की स्टेरॉइडमुळे त्याची वाढ उलट जोर धरते. म्हणजे दोन्हीकडून त्याचं फावतं. पण गंमत अशी की त्रास तेव्हा दिसत नाही. त्रास दिसतो डोस कमी करत आणताना, कारण तेव्हा प्रतिकारशक्ती जागी होते, लिव्हरभर पसरलेला व्हायरस तिला दिसतो आणि ती त्या पेशींवरच तुटून पडते. कावीळ येते ती तिथे. आणि रिॲक्शनचा स्टेरॉइडचा कोर्स काही पाच दिवसांचा नसतो, ४० वरून ३०, मग २०, १५, १०, ५ असं दर दोन आठवड्यांनी उतरवत कमीत कमी १२ आठवडे, एमबीच्या पेशंटला बऱ्याचदा २० ते २४ आठवडे लागतात. २० मिलिग्रॅम किंवा जास्त डोस चार आठवड्यांवर चालणार असेल आणि एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर धोका मोठा धरायचा आणि व्हायरसची गोळी आधी किंवा निदान सोबत सुरू करायची, हा आता सगळीकडे मान्य झालेला नियम आहे.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. बरीच वर्षं झाली, चाळिशीतला एक हमाल होता, नस सुजून हाताचा पंजा वाकत चालला होता. आम्ही स्टेरॉइड दिलं, पाच महिने नीट उतरवत नेलं, हात इतका छान सुधारला की तो ओपीडीत येऊन मूठ मिटून दाखवायचा. डोस १० वर आला आणि त्याची भूक गेली, मळमळ सुरू झाली. घरच्यांनी कावीळ म्हणून गळ्यात माळ घातली, एका गावी नेऊन नाकात औषध टाकलं, त्यात आठ-दहा दिवस गेले. आमच्याकडे आणलं तेव्हा तो धड बोलत नव्हता. तेव्हा कुठे एचबीएसएजी केलं, पॉझिटिव्ह. तो वाचला नाही. पाच महिन्यांत दर दोन आठवड्यांनी तो आमच्यासमोर बसत होता आणि वीस मिनिटांत निकाल देणारी ती एक टेस्ट आम्ही केली नव्हती. त्याची ती मिटलेली मूठ मला अजून दिसते. तेव्हापासून रिॲक्शनच्या पेशंटला स्टेरॉइडची पहिली गोळी लिहायच्या आधी शुगर आणि बीपी बघतो तसं एचबीएसएजी बघतोच. तुमच्या बाबांचं नशीब एवढं चांगलं की मोतीबिंदूमुळे का होईना, दहाव्या दिवशीच कळलं.

आता कोणी घाबरून म्हणेल, मग स्टेरॉइडच नको. नाही. हे उलट्या बाजूचं तेवढंच मोठं नुकसान आहे. नस सुजून हाताची ताकद जायला लागली की आपल्याकडे साधारण सहा महिन्यांची मुदत असते, त्यात उपचार झाला तर बऱ्यापैकी परत येतं, नंतर बोटं कायमची वाकडी राहतात, मग जेवताना घास धरता येत नाही, शर्टाचं बटण लागत नाही. लिव्हरच्या भीतीने हात घालवायचा नाही आणि हाताच्या घाईत लिव्हर घालवायचं नाही, दोन्ही गोळ्या सोबत चालतात.

व्हायरसची गोळी म्हणजे टेनोफोविर किंवा एन्टेकाविर. दिवसाला एक, त्रास फार कमी. राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटीस कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला, त्यात या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत आहेत, त्यामुळे नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलला जाल तेव्हा या कार्यक्रमाचं नाव घेऊन कुठल्या खिडकीवर जायचं ते विचारा. तीन गोष्टी मात्र डॉक्टरांना आठवण करून द्या, ओपीडीच्या गर्दीत निसटू शकतात. एक म्हणजे गोळी सुरू करायच्या आधी एचआयव्हीची टेस्ट झालीच पाहिजे, कारण दोन्ही असतील तर एकट्या टेनोफोविरने एचआयव्हीला रेझिस्टन्स येतो. दुसरी, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची टेस्ट. जुन्या कुष्ठरोगात, खास करून वारंवार गाठींची रिॲक्शन येणाऱ्यांत, किडनी कधी कधी आतून बिघडलेली असते, तसं असेल तर टेनोफोविरचा जुना प्रकार जपून द्यावा लागतो किंवा एन्टेकाविर द्यावं लागतं, आणि ते उपाशीपोटी घ्यायचं असतं. तिसरी, टेनोफोविरचा तो नवीन कमी डोसवाला प्रकार आहे ना, २५ मिलिग्रॅमचा, त्याचं रिफाम्पिसिनशी जमत नाही, रक्तातली पातळी उतरते. एमडीटीत रिफाम्पिसिन महिन्यातून एकदाच असतं म्हणून परिणाम टीबीच्या रोजच्या गोळीइतका नाही, तरी मी स्वतः एमडीटी चालू असेपर्यंत जुना ३०० मिलिग्रॅमवालाच पसंत करतो, किडनी ठीक असेल तर.

आणि ही गोळी स्टेरॉइड संपलं म्हणून त्याच दिवशी सोडायची नाही. स्टेरॉइड संपल्यावर निदान सहा महिने चालू ठेवायची, पुढे चालू ठेवायची का ते व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) आणि लिव्हरची अवस्था बघून ठरतं. मधेच सोडली तर तीच कावीळ जी टाळली ती परत दारात.

तपासण्यांबद्दल. पॉझिटिव्ह आलेली टेस्ट साध्या कार्डवरची असेल तर एलायझा या लॅबमधल्या टेस्टने पक्की करून घ्या. कुष्ठरोगात व्हीडीआरएल ही सिफिलिसची टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येते हे आम्हाला चांगलं माहीत आहे, त्यावरून घराघरात भांडणं झालेली पाहिलीत, म्हणून एकाच कार्डावर कोणाला शिक्का मारू नये. पण पक्की होईपर्यंत बाकीचं थांबवून ठेवू नका. सोबत लिव्हर कसं चाललंय ते बघायला एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, प्लेटलेट्स, पोटाची सोनोग्राफी, आणि एचबीईएजी (व्हायरस किती जोरात वाढतोय त्याची टेस्ट), व्हायरल लोड आणि हेपॅटायटीस सी. व्हायरल लोडचं सॅम्पल टेनोफोविर सुरू व्हायच्या आधी गेलं तर उत्तम, रिपोर्टची मात्र वाट पाहायची नाही. सोनोग्राफीत लिव्हर आकसलेलं दिसलं, सिरॉसिसची शंका आली, तर गोष्ट वेगळ्या वाटेने जाते आणि पोटाच्या डॉक्टरकडे जावंच लागेल, पुढे दर सहा महिन्यांनी कॅन्सरसाठी सोनोग्राफी.

आता शेजाऱ्यांच्या गरम गोळ्यांचं. एमडीटीने हेपॅटायटीस बी होत नाही. तो व्हायरस आहे, गोळीतून येत नाही, रक्तातून येतो. रिफाम्पिसिन आणि डॅप्सोन लिव्हरला कधीकधी त्रास देतात हे खरं आहे, पण रिफाम्पिसिन इथे महिन्यातून एकदा ६०० मिलिग्रॅम, रोज नाही, आणि एसजीपीटी नॉर्मल किंवा थोडंसं वाढलेलं असेल तर नेहमीची एमडीटी चालते, फक्त महिन्याला रक्त तपासायचं. डॅप्सोनचं एक वेगळं लक्षात ठेवा, सुरू केल्यापासून पहिल्या पाच-सहा आठवड्यांच्या आसपास कोणाकोणाला ताप, अंगभर पुरळ, मानेत गाठी आणि कावीळ असं एकदम येतं, ती डॅप्सोनची ॲलर्जी असते आणि तेव्हा मात्र डॅप्सोन लगेच थांबवून ॲडमिट व्हावं लागतं. तुमच्या बाबांचा तो काळ निघून गेलाय. समजा लिव्हर खरंच जास्त बिघडलेलं निघालं तर रिफाम्पिसिनशिवायची पण पद्धत आहे, क्लोफाझिमिन ठेवून बाकीची औषधं बदलायची, पण ते ठरवायचं काम डॉक्टरचं, व्हॉट्सॲपवर नाही.

रंगावरून घाबरू नका हेही सांगून ठेवतो. महिन्याच्या डोसनंतर लघवी लालसर नारिंगी होते, दिवसभर, ती कावीळ नाही. क्लोफाझिमिनने अंग काळपट तांबूस पडतं, तीही कावीळ नाही. खरी कावीळ दिवसा उजेडात, खिडकीपाशी उभं करून डोळ्याच्या पांढऱ्या भागात बघायची, आणि भूक पूर्ण जाणं, उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं, रोजच लघवी गडद होणं हे सोबत बघायचं. असं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी निघा.

कुष्ठरोगामुळे हेपॅटायटीस झाला का, हाही प्रश्न तुमच्या लिहिण्यात आहेच. ही जोडी जुनी आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ बरुच ब्लुमबर्ग यांनी १९६० च्या दशकात ज्याला ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हटलं, तोच आजचा एचबीएसएजी, आणि त्यांच्याच गटाने फिलिपिन्समधल्या कुष्ठरुग्णांचं रक्त तपासून लेप्रोमॅटस (अंगात जंतू खूप असलेल्या) प्रकारात तो जास्त सापडतो असं मांडलं, तेव्हा हा पदार्थ एका व्हायरसचा आहे हेही पक्कं कळलेलं नव्हतं. पुढे त्यांना १९७६ चं नोबेल मिळालं, २८ जुलै हा त्यांचाच वाढदिवस, म्हणून तो जागतिक हेपॅटायटीस दिन. नंतर वेगवेगळ्या देशांत लोकांनी तपासलं, कुठे कुष्ठरुग्णांत जास्त दिसला, कुठे आजूबाजूच्या लोकांइतकाच. माझं मत विचाराल तर, लेप्रोमॅटस रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी पडते ती मुख्यतः कुष्ठरोगाच्या जंतूसमोर, सगळ्या रोगांसमोर नाही, त्यामुळे जिथे जास्त दिसला तिथे कारण आयुष्यात शोधावं. १९८२ मध्ये एमडीटी यायच्या आधी वर्षानुवर्षं चालमोगऱ्याच्या तेलाची इंजेक्शनं, काचेच्या सिरिंज उकळून परत परत वापरायच्या, एकाच ब्लेडने तळपायाचे घट्टे तासायचे, दाटीवाटीने राहायचं. रोगाने नाही, रोग्याला जसं ठेवलं त्याने.

तुमच्या बाबांना कुठून आला हे बहुतेक कधीच कळणार नाही. आपल्या देशात २०२२ च्या अंदाजाने २.९८ कोटी लोकांना हा आहे, त्यात कुष्ठरोग नसलेलेच जवळजवळ सगळे. मोठेपणी लागण झाली तर शंभरातले ९५ जण आपोआप बरे होतात, तान्हेपणी झाली तर दहातले नऊ कायमचे वाहक होतात, म्हणून लहानपणी आईकडून किंवा भावंडांकडून आलेला असण्याची शक्यता बरीच. गावचं इंजेक्शन, जत्रेतलं गोंदण, न्हाव्याचा वस्तरा, काहीही असू शकतं. आईने बाबांकडे संशयाने बघू नये एवढ्यासाठी हे लिहितोय.

ताटाचं बोलायचं तर, आईला माझ्याकडून हात जोडून सांगा, ताट परत एकत्र मांडा. हेपॅटायटीस बी जेवणातून, एका ग्लासातून, मिठीतून पसरत नाही. कुष्ठरोग स्पर्शाने नाही, बराच काळ जवळ राहून श्वासावाटे पसरतो, तोही फार थोड्यांना, आणि एमडीटी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत पसरणं थांबतं. तुमच्या नागपूरपासून दोन तासांवर सेवाग्राम आहे, तिथे गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतःच्या हाताने मालिश करायचे, तेव्हा एमडीटी नव्हती, खात्रीचं औषधच नव्हतं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी काम उभं केलं. त्याच मातीत एमडीटीचं पाकीट घरात असताना बाबांना ओट्यावर वेगळं जेवायला बसवायचं, हे मला खरंच सहन होत नाही.

वेगळं ठेवायचं ते ताट नाही, वस्तरा. रेझर, नेलकटर, टूथब्रश, तळपाय घासायचा दगड, या चार गोष्टी बाबांच्या स्वतःच्या. कुष्ठरोगात पायाला बधीरपणा असेल तर रोज पाय पाण्यात भिजवून घासून तेल लावायला सांगतो आम्ही, बऱ्याच वस्त्यांत तो घासायचा दगड चारपाच जण मिळून वापरतात, तळव्याला भेग असते, रक्त लागतं, दुखत नाही म्हणून कळतही नाही. हा व्हायरस वाळलेल्या रक्तात बाहेर सात दिवस टिकतो. जखमेची पट्टी घरचं कोणी बदलत असेल तर ग्लोव्ह घालून, पट्टी पिशवीत बांधून, फरशीवर रक्त सांडलं तर ब्लीचच्या पाण्याने पुसायचं. आणि एमसीआरची (बधीर पायांसाठीच्या मऊ रबराची) चप्पल घरातही घालायची म्हणजे मुळात जखमच होणार नाही.

घरच्या सगळ्यांची, म्हणजे आई, तुम्ही, भाऊ, वहिनी, सगळ्यांची एचबीएसएजी आणि शक्यतो अँटी-एचबीसी (आधी कधी लागण होऊन गेली का ते सांगणारी) टेस्ट करा. निगेटिव्ह असतील त्यांना लस, आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. आईची तिसऱ्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लसीने संरक्षण आलं का ते सांगणारी टेस्ट) बघा, १० च्या वर पाहिजे, तोपर्यंत आईबाबांनी कंडोम वापरावा. वहिनीची टेस्ट गरोदरपणाच्या तपासणीत बहुधा झालेलीच असेल, कार्ड बघा. निगेटिव्ह असेल तर तिला सासऱ्यांपासून घरात राहून धोका नाही, लस गरोदरपणात चालते, माहेरी जायचं तर डोहाळजेवण करून आनंदाने जाऊ दे. पॉझिटिव्ह निघाली तर लगेच व्हायरल लोड, तो दोन लाखांवर असेल तर २८ आठवड्यांपासूनच टेनोफोविर देतात म्हणून उशीर नको, आणि बाळाला जन्मल्याबरोबर लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) दोन्ही. बाकी कुठल्याही बाळाला पहिल्या २४ तासांत हेपॅटायटीस बीचा डोस मिळायलाच हवा, बाळंतपण डागा या सरकारी हॉस्पिटलला होवो की प्रायव्हेटला, मागून घ्या.

अजून एक, आशाताई किंवा कुष्ठरोगाचे कर्मचारी घरी येऊन संपर्कातल्या लोकांना रिफाम्पिसिनचा एक डोस देतात, कुष्ठरोग होऊ नये म्हणून. तो चांगला आहे, घ्या, पण ज्याला कावीळ किंवा लिव्हरचा आजार आहे त्याला देत नाहीत आणि गरोदर बाईलाही बाळंतपणापर्यंत थांबवतात, म्हणून हेपॅटायटीसचे रिपोर्ट हातात आल्यावर त्यांना दाखवूनच घ्या.

मोतीबिंदूचं, एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणून ऑपरेशन नाकारणं चूक आहे, प्रत्येक पेशंटला तीच काळजी घ्यायची असते. पण रिॲक्शन चालू असताना डोळ्याचं ऑपरेशन थांबवलेलं बरं, रिॲक्शन डोळ्यातही उतरू शकते. ती शांत झाली, स्टेरॉइड खाली आलं, की परत तारीख मागा आणि नाही म्हणाले तर कारण कागदावर लिहून मागा.

दारू असेल तर आता थेंब नाही. कावीळ उतरवणारा, जडीबुटीचा काढा, नाकातले थेंब, काही नाही, लिव्हर जे आहे ते आपल्याला पुढचे सहा महिने जपायचंय. अंगदुखीच्या गोळ्या पण मेडिकल स्टोअरमधून परस्पर आणू नका.

लिव्हरचं रक्त आता दोन आठवड्यांनी, मग महिन्याला एकदा, आणि स्टेरॉइड १० च्या खाली येईल तेव्हा परत दर दोन आठवड्यांनी, कारण तोच तो काळ आहे. आणि दर वेळी करंगळीची ताकद तपासून घ्या, कागद दोन बोटांत धरायला लावून ओढून बघतात ती टेस्ट. उद्याचे रिपोर्ट आले की एसजीपीटी, बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिनचे आकडे इथे लिहा, नाव-पत्ता झाकून, मी बघतो.